साठ मुलं, एक पावडर आणि वजनकाटा: दीर्घ आजारी मुलांच्या आहारावर अभ्यास करायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बालरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका डॉक्टरांना थेसिससाठी विषय ठरवायचा आहे. त्यांच्या विभागात किडनी, यकृत, हृदय आणि कॅन्सर अशा दीर्घ आजारांची मुलं फॉलो-अपला येतात, आणि त्यातली बरीच हाडकुळी असतात. अशी साठ मुलं घ्यायची, चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटाला तीन महिने जास्त उष्मांकाची पावडर द्यायची, दुसऱ्याला नेहमीचा आहारसल्ला, आणि शेवटी वजन किती वाढलं ते बघायचं, असा बेत आहे. त्यांनी विचारलंय की आराखडा ठीक आहे का, वजनाखेरीज काय मोजावं, या विषयावरचे आढावे वाचले की शेवटी 'पुरेसा पुरावा नाही' हेच वाक्य का भेटतं, आणि पावडरीची कंपनी डबे फुकट देतेय ते घ्यावेत का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. हा अभ्यास या रूपात करू नका.

हेतूबद्दल तक्रार नाही. मुलं हाडकुळी आहेत आणि त्यांच्यासाठी काहीतरी करायला हवं, हे तुम्हाला ओपीडीत रोज दिसतंय. पण चार आजारांची साठ मुलं म्हणजे एकेका आजाराची पंधरा, आणि त्यातली पावडर घेणारी साडेसात. साडेसात मुलांवरून काय कळणार? बरं, चारही आजारांत मूल न वाढण्याची कारणं वेगळी आहेत. जन्मजात हृदयदोषाचं बाळ दूध ओढता ओढता दमतं, त्याची श्वासासाठीच जास्त ऊर्जा खर्च होते, आणि वर पाण्यावर मर्यादा असते. पित्तमार्ग बंद असलेल्या बाळाच्या आतड्यात पित्तच पोचत नाही, त्यामुळे खाल्लेला मेद आणि त्यात विरघळणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शौचावाटे निघून जातात. किडनीच्या मुलाला भूक नसते, उलट्या होतात, रक्तात आम्लता साठते, आणि वाढीचं हार्मोन असूनही शरीर त्याला नीट दाद देत नाही. केमो चालू असलेल्या मुलाचं तोंड सोललेलं असतं आणि सगळ्याची चव बदललेली असते. या चौघांच्या हातात एकच डबा देऊन सरासरी काढली, तर ती सरासरी यांच्यापैकी कुणाचीच नसेल. किडनीच्या मुलाला तर त्या पावडरीतलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झेपेल का, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. तुमची एथिक्स कमिटी जागी असेल तर हे पहिल्याच बैठकीत विचारेल.

आता जरा लांबून येते, कारण या क्षेत्रातल्या चुका जुन्या आहेत आणि त्या माहीत असलेल्या बऱ्या.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञांनी सीलिअॅक या आतड्याच्या आजाराच्या मुलांना केळ्यांवर आधारलेला आहार दिला. मुलं सुधारली. पुढे कितीतरी वर्षं केळ्यात काहीतरी औषधी गुण आहे असं मानलं गेलं. खरी गोष्ट अशी होती की त्या आहारात गहू नव्हता. हे लक्षात यायला नेदरलँड्सच्या विलेम डिके यांची चिकाटी लागली. त्यांना युद्धाच्या आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे अन्नाची भीषण टंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, आणि हा संशय बळावला. पण टंचाईत मुलं सुधारली एवढ्यावर डिके थांबले नाहीत. त्यांनी एकाच मुलाच्या आहारात गहू घालून, काढून, पुन्हा घालून काय होतं ते पाहिलं, आणि सहकाऱ्यांच्या मदतीने शौचातला मेद मोजला, कारण आतडं नीट शोषत नसलं की तो वाढतो. त्यांचा प्रबंध १९५० चा. हास यांचा रुग्ण सुधारला हे खरंच होतं, चुकलं ते कारण. तुमच्या पावडरीने वजन वाढलं, तर ते उष्मांकामुळे, पावडरीसोबत मिळालेल्या दर आठवड्याच्या फोनमुळे, की मधल्या काळात आजारच थोडा शांत झाल्यामुळे, हे तुमचा आराखडा सांगू शकेल का? दोन्ही गटांना सारखेच फोन आणि सारख्याच भेटी ठेवल्या, तर त्यातला फोनचा भाग तरी सुटेल.

आजार शांत होण्याचा मुद्दा इथेच नीट समजून घ्या, कारण त्यात भले भले फसतात. मूल तुमच्या अभ्यासात कधी येतं? बारीक दिसतं तेव्हा. बारीक कधी दिसतं? नुकताच संसर्ग होऊन गेला, ॲडमिट राहून आलं, आठवडाभर धड जेवलं नाही, तेव्हा. म्हणजे तुम्ही प्रत्येक मुलाला त्याच्या आलेखाच्या खालच्या टोकाला पकडताय. तिथून ते काहीही न करता थोडं वर येणारच. तुम्ही नियंत्रण गट, म्हणजे पावडर न मिळणारा तुलनेचा गट, ठेवलाय म्हणून यातून वाचाल, फक्त एक पथ्य पाळा. 'पावडर गटात आधी आणि नंतरच्या वजनात लक्षणीय फरक पडला' हे वाक्य निष्कर्षात लिहू नका. असा फरक दोन्ही गटांत पडेल. लिहायचं ते दोन गटांमधल्या वाढीतलं अंतर. मी परीक्षक म्हणून जे थेसिस वाचते त्यातल्या निम्म्यांत हीच चूक सापडते, आणि दर वेळी गाईड म्हणतात, 'मॅडम, पी व्हॅल्यू तर आली आहे,' म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं सांगणारा आकडा मिळालाय.

मग बारीक मुलाला जास्त उष्मांक देण्याला आधार आहे की नाही? आहे. त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट सिस्टिक फायब्रोसिसची आहे. त्या आजारात स्वादुपिंडातले पाचक रस आतड्यात पोचत नाहीत, मेद पचत नाही, म्हणून पूर्वी बहुतेक ठिकाणी मुलांचा मेद कमी करत. शौच सुधारायचं, मूल मात्र खंगत जायचं. टोरंटोच्या केंद्राने सत्तरच्या दशकात उलटं केलं. भरपूर मेद, भरपूर उष्मांक, आणि ते पचवायला पाचक एन्झाइम सढळ हाताने. बोस्टनच्या केंद्रात जुनीच पद्धत चालू होती. १९८८ मध्ये मेरी कोरी आणि सहकाऱ्यांनी दोन्ही केंद्रांची तुलना छापली. दोन्हीकडे पाचशेच्या आसपास रुग्ण होते. फुप्फुसांची कार्यक्षमता वयानुसार जवळपास सारखी होती, पण टोरंटोचे रुग्ण उंचीला सरस होते, आणि जगण्याचं मध्यक वय बोस्टनला २१ तर टोरंटोला ३० वर्षं होतं. नऊ वर्षांचा फरक! त्यानंतर जगभर या मुलांचा आहार बदलला.

आता दुसरी बाजू. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता, दोन शहरांची तुलना होती. पुढे ब्रिटनमध्ये २००६ साली कॅलिको नावाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम कुपोषित अशी सिस्टिक फायब्रोसिसची १०२ मुलं होती, वयं २ ते १५. अर्ध्यांना आहारसल्ला, अर्ध्यांना आहारसल्ला आणि वर तोंडाने घ्यायचं प्रथिन-ऊर्जेचं पूरक पेय, पूर्ण वर्षभर. वर्षाअखेर दोन गटांच्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन) शतमकात, म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांच्या रांगेतल्या क्रमांकात, म्हणावा असा फरक नव्हता. तुमच्या बेताशी याचं साम्य लक्षात आलं असेल. फरक इतकाच की त्यांच्याकडे एकच आजार होता, मुलं जवळजवळ दुप्पट होती आणि काळ चौपट होता.

ही दोन्ही निरीक्षणं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. टोरंटोने मुलांचं संपूर्ण जेवण बदललं होतं आणि जेवण पचवण्याची सोयही. कॅलिकोने होत्या जेवणात एक पेय वाढवलं. आणि वाढवलेलं पेय मुलाच्या पोटात जागा घेतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या पहिल्या अभ्यासात आम्ही रोज दोन बाटल्या पेय देत होतो आणि रिकाम्या बाटल्या परत आणायला सांगत होतो. बाटल्या रिकाम्या येत. वजन हलेना. शेवटी एका आईला मी निवांत बसवून विचारलं, दिवस कसा जातो ते. ती म्हणाली, 'पेय पितो तो, पण मग रात्रीचं जेवण नको म्हणतो. आणि खरं सांगू का, दुसरी बाटली त्याची धाकटी बहीण पिते, ती मागते तर तिला नाही कसं म्हणू?' आमच्या तक्त्यात त्या मुलाचं पालन १०० टक्के होतं. तेव्हापासून मी रिकामी बाटली हा पुरावा मानत नाही. पूर्ण दिवसात काय काय पोटात गेलं ते विचारते. तीन दिवसांची नोंद घ्या, त्यात एक सुट्टीचा दिवस असू द्या. मोजून लिहिलं तर फार छान, न जमलं तर वाटी-चमच्याच्या मापाने. लोक कमी-जास्त लिहितात, आजारी मुलाची आई तर बऱ्याचदा जास्त लिहिते, कारण मूल उपाशी राहतं असं कागदावर यावं हे तिला नको असतं. तिला दोष देऊ नका, ते गृहीत धरा.

प्रथिनांच्या बाबतीत पालन तपासायचा एक चांगला मार्ग आहे. युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून किडनी निकामी होत चाललेल्या १९१ मुलांवर कमी प्रथिनांच्या आहाराचा प्रयोग केला, तो १९९७ मध्ये छापून आला. त्यांनी आहाराच्या वहीवर न थांबता लघवीतल्या युरियावरूनही (प्रथिनं वापरली गेली की तो तयार होतो) प्रथिनं किती खाल्ली याचा अंदाज घेतला. वही विसरते, लपवते. युरिया तसं करत नाही. दोन वर्षांनी निष्कर्ष निघाला की प्रथिनं कमी केल्याने किडनी बिघडण्याचा वेग बदलला नाही. मुलांची वाढही खुंटली नाही, पण फायदा नसताना मुलाच्या तोंडचा घास कशाला काढायचा? 'काही फरक पडला नाही' असं सांगणारा हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण खरोखर प्रथिनं कमी झाली होती हे त्यांना दाखवता आलं. पालन मोजलेलं नसेल तर नकारार्थी निकालाला अर्थच राहत नाही. उपाय निरुपयोगी होता की केलाच गेला नाही, हे कोण सांगणार?

तुमचा दुसरा प्रश्न, वजनाखेरीज काय मोजावं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

दीर्घ आजाराच्या मुलात वजन हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा आकडा आहे. यकृताच्या मुलाच्या पोटात पाणी साठतं, यकृत आणि प्लीहा वाढतात, त्यामुळे वजन छान दिसतं आणि दंड काडीसारखे. नेफ्रॉटिकच्या, म्हणजे किडनीतून प्रथिन गळणाऱ्या, मुलाला सूज असते. स्टेरॉइडवरच्या मुलाचं वजन झपाट्याने वाढतं, त्यात मेद आणि पाणी असतं, उंची मात्र थांबलेली. मी शिकाऊ असताना अशाच एका मुलाच्या केसपेपरवर 'पोषण सुधारत आहे' असं झोकात लिहिलं होतं. वरिष्ठांनी काही न बोलता मुलाच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. तो खळगा मला अजून आठवतो.

म्हणून यकृताच्या आणि सूज येणाऱ्या मुलांत दंडाचा घेर आणि दंडामागच्या कातडीच्या घडीची जाडी घ्या. पाणी पोटात आणि पायांत आधी साठतं, दंडात त्या मानाने कमी. टेप साधी असते, मोजायला मिनिटही लागत नाही, आणि वजनाने लपवलेलं बरंच काही ती उघड करते. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या, मुलाला बऱ्याचदा धड उभं करता येत नाही, पाठीचा कणा वाकलेला असतो, तिथे गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजून उंचीचा अंदाज काढतात. त्याची सूत्रं उपलब्ध आहेत.

उंची म्हणजे पोषणाचा जुना साक्षीदार, सावकाश बोलणारा पण भरवशाचा. फक्त तुमच्या तीन महिन्यांत तो तोंड उघडणार नाही. शाळकरी वयाचं मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं, म्हणजे तीन महिन्यांत सव्वा ते दीड सेंटिमीटर. आजारी मूल त्याहून कमी. आणि उंची मोजताना अर्ध्या सेंटिमीटरची चूक सहज होते. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळी थोडी कमी भरते हे वेगळंच. वाढीचा वेग सांगायचा तर किमान सहा महिने, खरं तर वर्ष हवं. वजनाचंही हेच. शाळकरी मुलाचं वजन तीन महिन्यांत अर्धा-पाऊण किलो वाढणं अपेक्षित असतं, आणि नुकतं झालेलं जेवण, भरलेली लघवीची पिशवी आणि जाड कपडे मिळून तेवढं सहज भरतं. तेव्हा ठरावीक वेळ, हलके कपडे, एकच काटा, एकच मोजणारी व्यक्ती. शक्य असेल तर मोजणाऱ्याला मूल कोणत्या गटातलं आहे हे माहीत नसावं. तुमच्या अभ्यासात मुलाला पावडरीची चव कळणार, आईला कळणार, त्यांच्यापासून काही लपणार नाही. मोजणाऱ्यापासून तरी लपवा.

आकडे किलो-सेंटिमीटरमध्ये मांडू नका, वय आणि लिंगानुसार झेड-स्कोर काढा, म्हणजे मूल त्याच्या वयाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानकं आहेत, त्यापुढे १९ वर्षांपर्यंत २००७ ची संदर्भसारणी. एक बारकावा पुष्कळांकडून निसटतो. दोन वर्षांपर्यंत आडवं झोपवून लांबी मोजतात, पुढे उभं करून उंची. त्या मानकांत दोन्हींमधलं अंतर ०.७ सेंटिमीटर धरलेलं आहे. दोन वर्षांच्या आगेमागे असलेल्या मुलाला कधी झोपवून, कधी उभं करून मोजलंत, तर मूल आकसलेलं दिसेल किंवा एकदम वाढलेलं. आणखी एक: खूप खुजं राहिलेलं किंवा उशिरा वयात येणारं मूल त्याच्या वयाच्या बीएमआयशी ताडलं की चित्र बिघडतं. अशा वेळी, विशेषतः किडनीच्या मुलांत, त्याची उंची ज्या वयाच्या मुलाएवढी आहे ते वय धरून बीएमआय ताडतात. तुम्ही कोणतं वय धरलं ते पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत लिहा.

रक्ततपासण्यांबद्दल थोडक्यात. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन पोषणाचा मापक म्हणून वापरू नका. शरीरात दाह असला की ते घसरतं, यकृत बिघडलं की घसरतं, लघवीतून प्रथिन गळलं की घसरतं, आणि तुमच्या मुलांत या तीनपैकी काहीतरी असतंच. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, दाहात उलट वाढतं, त्यामुळे लोहाची कमतरता झाकली जाते. काहीही तपासलंत तरी सोबत दाह दाखवणारी सीआरपी तपासा. उष्मांकाची गरज सूत्राने काढणार असाल तर सूत्राचं नाव लिहा, आणि ही सूत्रं निरोगी मुलांवरून बांधलेली आहेत हे ध्यानात ठेवा. श्वासातला वायू मोजून ऊर्जेचा खर्च काढायचं यंत्र तुमच्याकडे असेल तर नशीबवान आहात.

आता 'पुरेसा पुरावा नाही' या वाक्याकडे येते. ते वाचून तुम्ही वैतागला आहात, मीही वैतागायचे. पण त्याचा अर्थ 'उपाय चालत नाही' असा घेऊ नका. बहुतेक वेळा अर्थ असा असतो की कुणी प्रश्न नीट विचारलेला नाही. मुलं थोडी, आजार दुर्मीळ, प्रत्येक अभ्यासात वेगळा उपाय, वेगळं माप, वेगळा कालावधी. मग आढावा घेणाऱ्याने बेरीज कशाची करायची? शिवाय आहार ही गोळी नाही. खोटी गोळी बनवता येते, खोटं जेवण बनवणं फार अवघड. आणि जुनाट समजुती इतक्या पक्क्या असतात की नियंत्रण गट ठेवणंच लोकांना निर्दयपणा वाटतो.

कीटोजेनिक आहाराचं उदाहरण घ्या. अपस्मारासाठी जास्त मेद आणि अगदी कमी कर्बोदकांचा हा आहार मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये सुचवला. अनेक दशकं तो वापरला जात होता, अनुभव भरपूर होता, पण चिठ्ठ्या टाकून केलेला मोठा प्रयोग लंडनहून २००८ मध्ये आला. सत्त्याऐंशी वर्षांनी! औषधांना दाद न देणारी १४५ मुलं होती. अर्ध्यांना आहार लगेच, उरलेल्यांना तीन महिन्यांनंतर. तीन महिन्यांत झटके निम्म्याहून कमी झालेली मुलं आहार गटात ३८ टक्के निघाली, थांबलेल्या गटात ६ टक्के. या आराखड्यातली खुबी बघा. कुणाला आहारापासून कायमचं वंचित ठेवलं नाही, फक्त क्रम लावला. रांग तशीही असतेच, तिचा उपयोग करून घेतला. आणि तीन महिने तिथे पुरले, कारण झटके रोज मोजता येतात. तुमच्या बाबतीत तीन महिने पुरत नाहीत, कारण उंची रोज वाढताना दिसत नाही. अभ्यास किती काळ चालवायचा हे तुम्ही काय मोजणार यावर ठरतं, तुमच्या परीक्षेच्या तारखेवर नाही. (माहीत आहे, प्रत्यक्षात तारखेवरच ठरतं. म्हणून तर विषय बदला म्हणतेय.)

आणि जास्त दिलं की बरंच होतं, या समजुतीला धक्का देणारा एक प्रयोग तुम्ही वाचाच. अतिदक्षता विभागातल्या मुलांवरचा आहे, दीर्घ आजारावरचा नाही, पण धडा लागू पडतो. लूव्हेन, रॉटरडॅम आणि एडमंटन इथल्या तीन केंद्रांतली १४४० मुलं, निकाल २०१६ चे. एका गटाला शिरेतून पोषण पहिल्या दिवसातच सुरू केलं, दुसऱ्याला आठवडाभर थांबवलं. सगळ्यांची अपेक्षा काय असणार? पण नवे संसर्ग लवकर सुरू केलेल्या गटात १८.५ टक्के आणि थांबवलेल्या गटात १०.७ टक्के निघाले. म्हणून तुमच्या अभ्यासात अपाय नोंदवायचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. जुलाब, उलट्या, पोट फुगणं, रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम, जेवण नाकारणं, हे सगळं. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये एन्झाइमच्या फार तीव्र गोळ्यांनी मोठ्या आतड्याला चिवट अरुंदपणा येतो हे १९९४ मध्ये लिव्हरपूलहून कळलं, तोवर त्या गोळ्या निर्धोक समजल्या जात होत्या. पुढे एन्झाइमच्या मात्रेवर मर्यादा आल्या.

मग तुमच्या जागी मी काय करेन?

एकच आजार घेईन. तुमच्याकडे यकृताची मुलं पुरेशी येत असतील तर तीच. आणि पावडर देणारच नाही. प्रश्न असा ठेवेन: दीर्घ यकृतविकाराच्या मुलांत नुसत्या वजनावरून कुपोषण ओळखलं तर दंडाच्या घेराने ओळखलेल्या मुलांपैकी किती निसटतात? आणि पुढच्या सहा महिन्यांत ॲडमिट होण्याशी या दोहोंपैकी कशाचं नातं जास्त घट्ट आहे? याला साठ मुलं पहिल्या भागापुरती चालतात, खर्च टेपचा, धोका जवळजवळ शून्य, आणि उत्तर काहीही आलं तरी दुसऱ्या दिवशी तुमच्याच ओपीडीत वापरता येतं. गाईडना वाटेल विषय साधा आहे. त्यांना सांगा, साध्या प्रश्नाला उत्तर तरी मिळतं.

गाईड प्रयोगावरच अडून बसले तर गणित करून दाखवा. समजा सहा महिन्यांत वजनाच्या झेड-स्कोरमधल्या बदलाचं प्रमाण विचलन (मुलामुलांत तो बदल किती कमी-जास्त होतो त्याचं माप) ०.५ आहे आणि दोन गटांत ०.२५ चं अंतर तुम्हाला महत्त्वाचं वाटतं. पाच टक्के चुकीची मर्यादा आणि ८० टक्के ताकद (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली, तर ढोबळ सूत्र असं: विचलन भागिले अंतर, त्याचा वर्ग, गुणिले १६. म्हणजे २ चा वर्ग ४, गुणिले १६, एका गटात ६४. पंधरा टक्के मुलं मध्येच गळतील असं धरलं की दोन्ही गट मिळून दीडशेच्या पुढे. एकाच आजाराची दीडशे मुलं एका केंद्रात दोन वर्षांत मिळतील का, हे रजिस्टर उघडून आधी मोजा. नाहीतर आणखी दोन-तीन विभागांना सोबत घ्या. आणि जी मुलं गळतील त्यांना फोन कराच. या मुलांत गळणं म्हणजे कंटाळणं नसतं. मूल बिघडलेलं असतं, दुसरीकडे ॲडमिट असतं, कधी गेलेलं असतं. गळलेली मुलं वगळून काढलेली सरासरी नेहमी गुलाबी येते.

संमतीबद्दल एक प्रसंग सांगते. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात आजारात प्रथिनांतला फिनाइलॲलनिन हा घटक शरीरात साठून मेंदूला इजा करतो. त्यावरचा आहार पहिल्यांदा यशस्वी झाला तो बर्मिंगहॅममध्ये, हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांकडून, १९५३ च्या सुमारास. एका लहान मुलीला फिनाइलॲलनिन काढून टाकलेला आहार दिला आणि ती सुधारू लागली. पण हा आईचा भास तर नाही ना, हे तपासायला डॉक्टरांनी आईला न सांगता फिनाइलॲलनिन पुन्हा आहारात घातलं. मुलगी काही तासांतच बिघडली. पुरावा म्हणून बघाल तर निर्विवाद. आई मात्र साहजिकच हादरली, आणि मग तिच्या संमतीने तीच चाचणी रुग्णालयात पुन्हा केली गेली. मुद्दा असा की संमती घेऊनही तेच उत्तर मिळालं असतं, आणि मिळालं. तुमच्याकडे सात-आठ वर्षांवरची मुलं असतील तर फक्त पालकांची सही घेऊन थांबू नका, मुलाला त्याच्या भाषेत सांगा आणि त्याने मान डोलावल्याशिवाय टेप काढू नका. दीर्घ आजाराच्या मुलाला तसंही दिवसभर कुणी ना कुणी टोचत, मोजत असतं. एखादी गोष्ट नाकारायची मुभा त्याला क्वचितच मिळते.

राहिला कंपनीचा प्रश्न. तुम्ही माझं ऐकून पावडर सोडलीत तर तो उरतच नाही. प्रयोगच करणार असाल तर डबे घ्यायला हरकत नाही, पण लेखी करारात चार गोष्टी असू द्यात. आराखडा तुमचा, डेटा तुमचा, विश्लेषण कंपनीची व्यक्ती करणार नाही, आणि निकाल काहीही आला तरी छापायला त्यांची परवानगी लागणार नाही. पहिलं मूल घेण्याआधी अभ्यासाची नोंदणी करा आणि मुख्य माप कोणतं ते त्यात लिहा, म्हणजे नंतर वजन नाही वाढलं तर 'भूक वाढली' हे मुख्य माप करायचा मोह होणार नाही. अभ्यास संपल्यावर डबे कोण देणार हेही विचारून ठेवा. सहा महिने फुकट मिळालेली पावडर सातव्या महिन्यात अचानक बंद झाली की आई ओपीडीत तुमच्यासमोर येऊन बसते, कंपनीसमोर नाही.